तुम्ही विचारलंत म्हणून: फुली आहे, मग गोळी चालेल ना?

जनुकीय तपासणीचा रिपोर्ट पुढे सरकवतात आणि बहुतेक आईबाप एकाच अक्षरावर बोट ठेवतात, बदलाच्या नावातल्या शेवटच्या एक्सवर. ही फुली म्हणजे 'प्रथिन इथेच थांबतं' अशी खूण. "ही फुली ओलांडणारी गोळी निघालीय म्हणे. आमच्या बाळाला चालेल ना?" जनुकीय समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एकदा लिहूनच टाकते.

समजा, रिपोर्टवर जी५४२एक्स आहे. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात हा बदल बऱ्याचदा भेटतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; तिच्यात ५४२व्या जागी ग्लायसिन (नावातला जी) यायचं, तिथे फुली आली. डीएनएतल्या जीजीए या तीन अक्षरांतला पहिला जी जाऊन टी आला, टीजीए झालं. आणि टीजीए म्हणजे पेशीच्या लेखी 'थांबा'. १,४८० अमिनो आम्लांचं प्रथिन ५४१ वरच खुंटतं. वर पेशीला असा अर्धवट निरोप खपत नाही, त्या आरएनएच्या, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या निरोपाच्या, बऱ्याच प्रती ती नष्टच करते. म्हणजे औषधाच्या वाट्याला मजकूरही थोडाच उरतो.

औषध चूक खोडत नाही, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी समोरचे चेहरे उतरतात. डीएनए आहे तसाच राहतो. औषध रायबोसोमला, म्हणजे निरोप वाचून प्रथिन जोडणाऱ्या पेशीतल्या यंत्राला, जरा गाफील करतं, इतकंच. मग थांबायच्या जागी तो एखादं अमिनो आम्ल बसवतो आणि पुढे सरकतो. तेही मूळचंच असेल असं नाही. जेंटामायसिन हे जुनं प्रतिजैविक असं करू शकतं, पण ते दीर्घकाळ देत राहिलं तर मूत्रपिंडं आणि कान पणाला लागतात.

म्हणून आईबाप विचारतात त्या गोळीचं, अटाल्युरेनचं, एवढं कौतुक झालं. (सगळे गोळी म्हणतात, खरं तर ती कालवून घ्यायची भुकटी.) ते शोधताना काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम वापरलं होतं: फुली ओलांडली की उजेड पडणार. २००९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की हे औषध त्या एन्झाइमलाच चिकटतं आणि त्याला टिकवून धरतं. म्हणजे फुली न ओलांडताही उजेड वाढू शकतो! शोधकर्त्यांना ते मान्य नव्हतं, वाद रंगला. तरी २०१४ मध्ये युरोपने ड्यूशेन स्नायूक्षय असलेल्या, अजून चालू शकणाऱ्या मुलांसाठी सशर्त परवानगी दिली. सिस्टिक फायब्रोसिसच्या मोठ्या चाचण्यांत मात्र ते नापास झालं. फायदा पक्का सिद्ध होईना, म्हणून २०२५ मध्ये युरोपने परवानगीही पुढे चालू ठेवली नाही. प्रयोगशाळेतल्या उजेडाने हुरळून जाणं मी कधीच सोडलंय.

म्हणून मीच उलट विचारते: जनुक कोणतं? थांबा कोणता, टीएए, टीएजी की टीजीए? टीजीए त्यातल्या त्यात गळका, म्हणजे रायबोसोम तो सहज ओलांडून जाऊ शकतो. त्याच्या लगेच पुढे सी असेल, तर आणखी गळका.

हे पुढचं अक्षर रिपोर्टवर नसतं. परवा एका बाबांनी ते मला तिथल्या तिथे शोधायला लावलं. त्यांच्या मुलीचाही जी५४२एक्सच. स्क्रीनवर आम्ही दोघं वाकून बघत होतो. सी नव्हता, जी होता. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.