तुम्ही विचारलंत म्हणून: झोपेत मेंदूचे दार कोणते रसायन बंद करते?

शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला झोपेविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो. झोपेत कान उघडेच असतात, त्वचेला स्पर्शही होत असतो, तरी त्यातले फारसे काही आपल्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये एखादे दार बंद होत असणार, असे विचारणाऱ्याने कुठेतरी वाचलेले असते आणि ते दार बंद करणाऱ्या रसायनाचे नाव तेवढे त्याला हवे असते. थोडक्यात सांगायचे तर असे एक रसायन नाही. जागेपणी थॅलॅमसवर तीन-चार रसायनांचा मारा सतत चालू असतो, गाढ झोपेत तो ओसरतो. आणि तो ओसरल्यावर तिथल्या चेतापेशी गप्प बसत नाहीत, तर वेगळ्या तऱ्हेने स्पंद, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, देऊ लागतात. यातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

वासाचा अपवाद सोडला तर बहुतेक सर्व संवेदना मेंदूच्या बाह्य थराकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे जाताना थॅलॅमसमध्ये एक टप्पा घेतात. संदेश पुढे पाठवणाऱ्या इथल्या पेशी दोन पद्धतींनी काम करतात, हे हेन्रिक यान्सेन आणि रोडोल्फो यीनास यांनी 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात गिनिपिगच्या मेंदूच्या पातळ कापांवर दाखवून दिले. कोणत्याही चेतापेशीच्या आतला विद्युत्दाब बाहेरच्या तुलनेत ऋण असतो. थॅलॅमसच्या पेशीत तो उणे 60 मिलिव्होल्टच्या आसपास असताना तिला विजेचा बारीकसा धक्का दिला, तर धक्का टिकेल तोवर एकामागून एक स्पंद येत राहतात, आणि धक्का वाढवला की त्यांची गतीही वाढते. या पद्धतीला टॉनिक म्हणतात. आता तीच पेशी उणे 75 पर्यंत खाली नेऊन ठेवा आणि पुन्हा धक्का द्या. पडद्यावरच्या रेषेत आधी एक रुंद उंचवटा उठतो, त्याच्या माथ्यावर दोनपासून सहा-सातपर्यंत स्पंद दाटीवाटीने, सेकंदाला सुमारे 300 या वेगाने उमटतात, आणि मग धक्का चालू असूनही रेषा सपाट होते. ही बर्स्ट पद्धत. टॉनिक पद्धतीत धक्का किती जोराचा होता आणि किती वेळ टिकला, हे स्पंदांवरून कळते. बर्स्टमध्ये काहीतरी घडले एवढेच कळते.

हा उंचवटा टी-प्रकारच्या कॅल्शियम चॅनलमुळे, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या कॅल्शियमच्या वाटेमुळे, येतो, आणि या चॅनलचा स्वभाव विचित्र आहे. पेशी थोडीशी उत्तेजित अवस्थेत राहिली की ते निकामी होऊन पडते. पेशी सुमारे 100 मिलिसेकंद उणे 70 च्या खाली राहिली तरच ते पुन्हा वापरण्याजोगे होते. म्हणजे पेशीला दाबून ठेवल्याने तिच्यात उसळण्याची तयारी होते. हा उलटेपणा ध्यानात राहिला तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

तेव्हा सगळा खेळ पंधरा-वीस मिलिव्होल्टचा आहे, आणि रसायनांचे काम पेशीला तेवढे वर किंवा खाली सरकवणे हे आहे. पेशीच्या आवरणातून पोटॅशियम सतत थोडे थोडे बाहेर झिरपत असते आणि त्यामुळे आतला दाब ऋण राहतो. मस्तिष्कस्तंभातल्या (मेंदूच्या बुंध्यातल्या) पेशींकडून येणारे ॲसिटिलकोलीन, त्याच स्तंभातल्या लोकस सेरुलिअस या पेशीपुंजाकडून येणारे नॉरॲड्रिनलीन आणि हायपोथॅलॅमसकडून येणारे हिस्टामीन ही तिन्ही रसायने आपापल्या ग्राहींवर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या त्यांना ओळखणाऱ्या प्रथिनांवर, बसतात. ते ग्राही पेशीच्या आत एक रासायनिक साखळी सुरू करतात आणि त्या साखळीच्या शेवटी पोटॅशियमची हीच गळती आटते. डेव्हिड मॅककॉर्मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे एकेका रसायनासाठी तपासले. इतकेच नव्हे, कॉर्टेक्सकडून परत येणारे ग्लुटामेट हेही आपल्या मंद ग्राहींमार्फत त्याच गळतीवर काम करते. गळती कमी झाली की पेशी वर सरकते, टी-चॅनल निकामी होतात आणि टॉनिक पद्धत सुरू होते. हे सारे सावकाश चालते: डोळ्याकडून आलेल्या एका स्पंदाचा परिणाम काही मिलिसेकंदांत उरकतो, तर या रसायनांचा परिणाम कित्येक सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ टिकतो. त्यामुळे ती स्वतः कसला संदेश आणत नाहीत, आलेल्या संदेशाला पेशी कसे उत्तर देईल हे ठरवतात. जुन्या धाटणीच्या सर्दीच्या गोळ्यांनी जी झोप येते, ती मेंदूतले हिस्टामीनचे एच-1 ग्राही अडवले गेल्यामुळे. थॅलॅमसच्या पेशींतली पोटॅशियमची गळती हिस्टामीन आटवते तेही याच प्रकारच्या ग्राहींमार्फत.

इथे श्रोते वहीत लिहून घेतात: ॲसिटिलकोलीन, म्हणजे उत्तेजक. रसायनांना असे कायमचे स्वभाव चिकटवण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. थॅलॅमसभोवती रेटिक्युलर न्यूक्लिअस नावाचे पेशींचे एक पातळ कवच आहे. त्यातल्या पेशी गाबा नावाचे रसायन सोडून आतल्या पेशींना दाबतात. याच कवचावर तेच ॲसिटिलकोलीन पडते तेव्हा ते पोटॅशियमचे चॅनल उघडते आणि पेशी शांत होते. 1921 मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगात दाखवले होते की व्हेगस मज्जातंतूतून सुटणारे एक द्रव्य हृदयाची गती मंदावते. ते द्रव्य ॲसिटिलकोलीनच होते, आणि तिथेही पेशीला आवर घातला जातो तो पोटॅशियमचे चॅनल उघडूनच. एका पेशीत पोटॅशियमची वाट बंद करणारे आणि शेजारच्या पेशीत ती उघडणारे रसायन एकच असेल, तर त्याला उत्तेजक म्हणायचे की शामक? उत्तर ग्राहीवर अवलंबून असते. अर्थात थॅलॅमसच्या दृष्टीने दोन्ही परिणाम एकाच दिशेचे आहेत: आतली पेशी उचलली जाते आणि तिला दाबणारे कवच सैल पडते.

उलट दिशेने ढकलणाऱ्यांत ॲडिनोसिन आहे. ते पोटॅशियमची वाट उघडते आणि पेशीला खाली नेते. कॅफीन ॲडिनोसिनचे ग्राही अडवते. कॉफीने तरतरी येते त्याचे मुख्य कारण हेच, मात्र ते केवळ थॅलॅमसमध्ये घडते असे नव्हे.

थॅलॅमसच्या दृष्टी हाताळणाऱ्या भागाविषयी एक आकडा नेहमी सांगावासा वाटतो. तिथल्या पुढे संदेश नेणाऱ्या पेशीवर जितके चेतासंधी (दुसऱ्या पेशींशी असलेले जोड) असतात, त्यातले डोळ्याकडून आलेले जेमतेम 5 ते 10 टक्के. उरलेले सगळे कॉर्टेक्सकडून, मस्तिष्कस्तंभाकडून आणि आसपासच्या गाबा-पेशींकडून आलेले. मरे शर्मन आणि रे गिलरी यांनी यावरूनच चालक संदेश आणि नियामक संदेश असा भेद मांडला. पेशीला काय सांगायचे ते थोड्या संधींमधून येते, आणि ते कसे सांगायचे हे ठरवायला बाकीचा सारा फौजफाटा लागतो.

आता दाराकडे. मार्गारेट लिव्हिंगस्टोन आणि डेव्हिड ह्युबेल यांनी 1981 मध्ये मांजरांवर केलेल्या कामात झोप लागली की दृष्टीच्या पेशींचा प्रतिसाद घटतो आणि जाग येताच तो सुधारतो, असे दिसले. हे दाराच्या कल्पनेला पोषक आहे. पण झोपेतही आवाजाला कॉर्टेक्सच्या श्रवणाच्या प्राथमिक भागातल्या पेशी बराचसा प्रतिसाद देत राहतात, असे नंतरच्या नोंदी सांगतात. त्याहून अडचणीची गोष्ट म्हणजे स्वप्नांची झोप. त्या अवस्थेत नॉरॲड्रिनलीन, सेरोटोनिन आणि हिस्टामीन सोडणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, ॲसिटिलकोलीन मात्र भरपूर सुटते आणि थॅलॅमसच्या पेशी जागेपणासारख्या टॉनिक पद्धतीत येतात. तरीही आपण झोपलेलेच असतो. म्हणून झोपेत आवाज का ऐकू येत नाही, याचे सगळे उत्तर थॅलॅमसवर ढकलणे मला पटत नाही. थॅलॅमसचा वाटा मोठा आहे, एवढेच.

दाराच्या कल्पनेने खरा घोटाळा होतो तो आजारात. लहान मुलांमधल्या ॲबसेन्स एपिलेप्सीत, म्हणजे अपस्माराच्या (फिट्सच्या) एका प्रकारात, मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. तेवढ्या वेळात मेंदूच्या आलेखावर सेकंदाला सुमारे तीन या गतीने टोकदार लहरी दिसतात आणि थॅलॅमस व कॉर्टेक्स एका तालात अडकलेले असतात. अपस्मारात मेंदू अतिउत्तेजित होतो, तेव्हा गाबा वाढवून त्याला दाबले की भागेल, असे कोणालाही वाटेल, आणि अपस्माराच्या काही प्रकारांत तसे करणारी औषधे उपयोगी पडतातही. पण गाबाचा प्रभाव वाढवणारी व्हिगाबॅट्रिन आणि टियागॅबीन ही औषधे ॲबसेन्स एपिलेप्सीचे झटके वाढवू शकतात, कारण थॅलॅमसची पेशी जितकी खोल दाबली जाईल तितके तिचे टी-चॅनल अधिक प्रमाणात पुन्हा वापरण्याजोगे होतात. या आजारावर उपयोगी पडणारे एथोसुक्सिमाइड हे औषध थॅलॅमसच्या पेशींतला टी-चॅनलचा प्रवाह कमी करते, हे डग्लस कोल्टर, जॉन ह्युगेनार्ड आणि डेव्हिड प्रिन्स यांनी 1989 मध्ये दाखवले. तोवर ते औषध कित्येक वर्षे मुलांना दिले जात होते.