पाचशे खेळाडू आणि एक राहिलेलं टेबल

इकडे परदेशात मॅजिक, पोकेमॉन, यू-गी-ओ! अशा पत्त्यांच्या खेळांच्या ज्या मोठ्या कार्ड स्पर्धा होतात, त्यांबद्दल घरच्या मंडळींना सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळ्यात आधी सांगावासा वाटतो तो खेळाडूंचा फीडबॅक. स्पर्धा आटोपली की आयोजकाकडे जे येतं ते साधारण असं असतं: चौथ्या राऊंडची वेळ संपली आणि पुढची पेअरिंग (कोण कुणाशी, कितव्या टेबलावर खेळणार ती यादी) लागायला २८ मिनिटं गेली, १८० च्या पुढच्या टेबलांवर घोषणा ऐकू येत नव्हत्या, डेक चेकनंतरचा, म्हणजे खेळाडूचे पत्ते तपासून झाल्यानंतरचा, वाढीव वेळ जजने निकालाच्या स्लिपवर लिहिलाच नाही. एवढंच. कुणाला शिव्या नाहीत, कुणाची आरती नाही. राऊंड कितवा, टेबल कितवं, मिनिटं किती.

आपल्याकडे ‘मॅनेजमेंट भंगार’ किंवा ‘एक नंबर इव्हेंट’ यापलीकडे सहसा कोणी लिहीत नाही, आणि दोन्हींतून पुढच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते आयोजकाला कळत नाही. यात खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे आयोजक, हेड जज (मुख्य पंच) आणि स्कोअरकीपर (निकाल भरून पेअरिंग काढणारा) बहुतेक वेळा एकच माणूस असतो आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्याला तोंडावर काय सुनावणार? इकडे डेक चेकची टीम वेगळी, कागदपत्रांची वेगळी, फ्लोअरवरचे जज वेगळे, त्यामुळे तक्रार कामाबद्दल करता येते आणि कोणी ती मनाला लावून घेत नाही. नियमांच्या बाबतीत मात्र आपली पोरं इकडच्यांपेक्षा तसूभरही कमी नाहीत. कमी आहे ती मोजून सांगायची सवय.

स्विस पद्धतीचं, म्हणजे कोणालाही बाद न करता दर राऊंडला सारखे गुण असलेल्यांना एकमेकांशी खेळवायचं, गणित सगळ्यांना पाठ आहे: २५६ खेळाडूंना ८ राऊंड, ५१२ ना ९, १०२४ ना १०. खेळाडू दुप्पट झाले तरी राऊंड एकच वाढतो. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली आणि अजूनही तिला तोड नाही, ती याच गुणामुळे. २०१२ मध्ये लाँग बीचला यू-गी-ओ! च्या एका स्पर्धेत ४,३६४ जण बसले होते, तेही याच गणिताच्या जोरावर. म्हणजे मोठी स्पर्धा लांबते ती राऊंड वाढल्यामुळे नाही. ती लांबते दोन राऊंडांच्या मधे.

आकडे मांडून बघा. ५० मिनिटांचे ९ राऊंड म्हणजे साडेसात तास. त्यात ८ मधल्या वेळा. घड्याळ शून्यावर आल्यापासून पुढचा राऊंड सुरू होईपर्यंत दर वेळी १५ मिनिटं गेली तर दिवस साडेनऊ तासांचा होतो. ३० मिनिटं गेली तर साडेअकरा. हे जादाचे दोन तास कोणीही एक पत्ता न खेळता जातात, आणि फीडबॅकमधली ‘जेवायला वेळ मिळाला नाही’, ‘शेवटच्या राऊंडला डोकं चालत नव्हतं’, ‘परतीची गाडी चुकली’ ही सगळी वाक्यं तिथूनच निघतात.

ती १५ मिनिटं कुठे जातात? बहुतेक वेळा एका टेबलावर. मॅजिकमध्ये वेळ संपल्यावर चालू टर्न (एका खेळाडूची पाळी) पूर्ण होतो आणि वर पाच टर्न मिळतात. विचार करणारे दोघं असतील तर सहज सात-आठ मिनिटं. पण खरा उशीर होतो टाइम एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे एखाद्या टेबलाला दिलेल्या वाढीव वेळेमुळे. डेक चेकला जितका वेळ लागला तितका वेळ अधिक तीन मिनिटं, असा मॅजिकचा नियम आहे. चेक ९ मिनिटं चालला तर त्या टेबलाला १२ मिनिटं जादा. जजने निर्णयासाठी एका मिनिटाहून अधिक मॅच थांबवली तर तोही वेळ परत द्यावा लागतो, आणि त्यावर हेड जजकडे अपील झालं तर आणखी भर. २५६ मॅचेसपैकी २५५ संपलेल्या असतात आणि ५१० माणसं एका टेबलाकडे बघत उभी असतात. स्विसमध्ये शेवटचा निकाल आल्याशिवाय पुढची पेअरिंग निघत नाही, त्याला इलाज नाही.

इलाज आहे तो ते टेबल आधी ओळखण्यात, आणि इकडची ही एक गोष्ट मला मनापासून आवडते. वाढीव वेळ दिला की जज तो स्लिपवर लिहून थांबत नाही, लगेच स्कोअरकीपरला टेबल नंबर आणि मिनिटं कळवतो. राऊंडची १० मिनिटं उरली असताना त्या प्रत्येक टेबलाजवळ एकेक जज येऊन उभा राहतो. तो नुसता बघ्या नसतो. खेळ रेंगाळतोय असं दिसलं की तिथल्या तिथे सांगतो. घड्याळ शून्यावर येताच निकाल न आलेल्या टेबलांची यादी छापली जाते, फ्लोअरवरचे जज ती वाटून घेतात आणि प्रत्येक टेबलावर जाऊन खूण करून येतात: खेळ चालू आहे, की मॅच कधीच संपली आणि दोघं स्लिप न देताच बाहेर गेले. दुसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त घडतो. रिकामी खुर्ची बघून त्या दोघांना नावानं पुकारायचं, हे काम मिनिट शून्यला झालं तर ठीक, मिनिट दहाला झालं तर अख्खा हॉल अडकतो.

डेक चेक राऊंडच्या सुरुवातीलाच उरकायचे, हाही त्याच हिशोबाचा भाग. मॅजिकच्या नियमांनुसार स्पर्धात्मक पातळीवर किमान १० टक्के डेक तपासायचे असतात. ५१२ जणांत ते ५२ होतात. टेबलावरचे दोन्ही डेक एकदम उचलतात, म्हणून २६ टेबलं, ९ राऊंडांत दर राऊंडला तीन. जमण्यासारखं आहे. पण मधल्या राऊंडांत राहून गेलेला कोटा शेवटच्या दोन राऊंडांत भरून काढायला गेलं, की थकलेल्या लोकांच्या वेळेवर घाला येतो आणि फीडबॅक त्याच राऊंडांबद्दल सर्वांत कडू असतो.

आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत हे काहीच लागत नाही, आणि त्याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. ६४ खेळाडू एका नजरेत मावतात. कोण संपवून बसलाय, कोण अजून खेळतोय हे आयोजकाला उभ्या जागी दिसतं, एक हाक पुरते, आणि दोन राऊंडांमधला वेळ इकडच्या मोठ्या स्पर्धांपेक्षा कमी असतो. ती पद्धत ६४ ला बरोबरच आहे. दोनशेच्या पुढे हाक पोचत नाही, तिथे यादी लागते.

टेबलांच्या बाबतीत फीडबॅक फार मोघम येतो, ‘जागा अपुरी होती’ एवढाच, म्हणून मापं देऊन ठेवते. प्लेमॅट, म्हणजे पत्ते मांडायची चटई, साधारण ६१ सेंटिमीटर रुंद आणि साडेपस्तीस खोल. समोरासमोर दोन ठेवले की ७१ सेंटिमीटर खोली लागते, म्हणून ७६ सेंटिमीटरचं टेबल चालतं आणि प्रशिक्षण वर्गात असतं तसं ४५ सेंटिमीटरचं अरुंद टेबल अजिबात चालत नाही. लांबीला सहा फुटी टेबलावर, म्हणजे १८३ सेंटिमीटरवर, दोन मॅचेस. तिसरी कोंबायचा मोह सगळ्यांना होतो, कारण कागदावर ती बसते: ६१ गुणिले ३ बरोबर १८३. पण मग मॅटला मॅट चिकटते. डाइस, डेकबॉक्स, लाइफ लिहायचा कागद यांना जागाच उरत नाही, शेजाऱ्याचा पत्ता आपल्या ढिगात येतो आणि जजला हाका वाढतात. हाका वाढल्या की एक्स्टेन्शन वाढतं आणि राऊंड लांबतो. आठ फुटी टेबलावर तीन मॅचेस नीट बसतात. ५१२ खेळाडूंना सहा फुटी १२८ टेबलं किंवा आठ फुटी ८६. साइड इव्हेंट, डेक चेक आणि स्कोअरकीपर यांची वेगळी. टेबल नंबर पृष्ठभागावर चिकटवले तर मॅटखाली जातात, ते स्टँडवर उभे हवेत, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला ‘१२१ ते १४०’ अशी मोठी पाटी. पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्यांमधून जजला जाता आलं पाहिजे. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांना दिवसभर एकच टेबल देता येतं, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. मागावं मात्र नोंदणीच्या वेळी, सकाळच्या गर्दीत नाही.

पेअरिंग आता बहुतेक ठिकाणी फोनवर येते. पोकेमॉनच्या मोठ्या स्पर्धांत आरकेनाइन आणि मॅजिकमध्ये मेली अशा सेवा वापरतात, निकालही तिथेच भरता येतो. सोय मोठी आहे आणि तिच्यावर इकडे जरा जास्तच विसंबतात, हे स्पष्ट लिहायला हवं. पाचशे फोन एकाच छताखाली एकाच क्षणी तेच पान उघडतात तेव्हा नेटवर्क मान टाकतं, आणि कागद छापून ठेवलेला नसेल तर बघता बघता गोंधळ माजतो. या बाबतीत आपल्याकडची भिंतीवर कागद लावायची पद्धत भक्कम आहे, ती सोडू नका. फक्त लावायची नीट: एका पानावर ५० नावं धरली तर ५१२ ला ११ पानं, त्यांचे दोन संच हॉलच्या दोन टोकांना. अक्षरांप्रमाणे समान गट पाडू नका, नावांच्या संख्येप्रमाणे पाडा, नाहीतर एका पानासमोर झुंबड आणि शेजारी शुकशुकाट. आडनाव आधी की नाव आधी हे नोंदणीच्या फॉर्मवरच ठरलेलं हवं. अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरं लिहिलं, की पहिल्या राऊंडला वीसेक लोक ‘माझं नावच नाही’ म्हणत स्कोअरकीपरपुढे उभे राहतात.

डेकलिस्टबद्दल, म्हणजे खेळाडूने आधी द्यायच्या आपल्या पत्त्यांच्या यादीबद्दल, थोडक्यात: ऑनलाइन घ्या आणि आदल्या रात्री बंद करा. पोकेमॉनला बरोबर ६० पत्ते, यू-गी-ओ! ला मुख्य डेक ४० ते ६०, मॅजिकला किमान ६० आणि साइडबोर्ड (राखीव पत्ते) १५ पर्यंत. पोकेमॉनची किंवा मॅजिकची ५९ पत्त्यांची यादी फॉर्मच परत पाठवतो. कागदावर तीच चूक दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडला सापडते आणि खेळाडूला गेम गमवावा लागतो.

आता फीडबॅक घ्यायचा कसा. फॉर्म शेवटपर्यंत थांबलेल्यांनाच दिला तर उत्तरं गोड येतात, कारण ज्यांचा दिवस वाईट गेला ते केव्हाच निघून गेलेले असतात. ५१२ जणांत ड्रॉ (बरोबरीत सुटलेल्या मॅच) धरले नाहीत तर तीन राऊंडांनंतर बरोबर ६४ जण तिन्ही मॅच हरलेले असतात. यातले बरेच ड्रॉप घेतात, म्हणजे स्पर्धा सोडतात. सकाळची नोंदणीची रांग, उशिरा सुरू झालेला पहिला राऊंड हेच त्यांचं सगळं चित्र असतं. त्यामुळे फॉर्म सगळ्यांना, ड्रॉप झालेल्यांना तर आधी. प्रश्न सहा-सात, त्याहून जास्त नकोत, आणि प्रत्येक तक्रारीपुढे राऊंड आणि टेबल यांचे दोन रकाने.

पण खेळाडूला जाणवलेली मिनिटं आणि घड्याळातली मिनिटं यांत फरक पडतो. उभ्यानं वाट बघताना १५ ची ३० वाटतात, साहजिक आहे. म्हणून स्कोअरकीपरने दर राऊंडला चार वेळा टिपून ठेवाव्यात: राऊंड सुरू, वेळ संपली, शेवटचा निकाल आला, पुढची पेअरिंग लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्यात अंतर जास्त असेल तर फ्लोअर कमी पडला, जज वाढवा किंवा यादी लवकर फिरवा. तिसऱ्या आणि चौथ्यात जास्त असेल तर छपाई किंवा सॉफ्टवेअरची अडचण आहे, तिथे कितीही जज आणून उपयोग नाही. हा कागद नसेल तर खेळाडू म्हणतो अर्धा तास, आयोजक म्हणतो दहा मिनिटं, आणि वाद पुढच्या स्पर्धेपर्यंत चालतो.

काही तक्रारी आयोजकाच्या हातातल्या नसतातच. बंदी असलेले पत्ते, टाय-ब्रेकर (गुण सारखे असतील तर क्रम ठरवायचे निकष) हे खेळ काढणारी कंपनी ठरवते. जजचा निर्णय पटला नाही तर तिथेच हेड जजकडे अपील करायचं. मॅच संपल्यावर लिहिलेल्या चार परिच्छेदांनी निकाल बदलत नाही. आपल्याकडे अपील करणं उद्धटपणा समजला जातो, इकडे तो साधा हक्क आहे आणि जज स्वतःच त्याची आठवण करून देतात. हे मात्र आपण बिनदिक्कत उचलावं.

सगळ्यात कळकळीचा फीडबॅक येतो नवव्या आणि दहाव्या क्रमांकाकडून. ५१२ खेळाडू, ९ राऊंड, एकही ड्रॉ नाही असं धरलं तर एक जण ९-० आणि नऊ जण ८-१ वर येतात. म्हणजे दहा, आणि टॉप ८ मध्ये, म्हणजे पुढच्या बाद फेरीत, जागा आठ. दिवसभरात एकच मॅच हरलेले दोघं बाहेर राहणार हे पहिल्या राऊंडच्या आधीच ठरलेलं असतं. त्यांना वगळतात ते टाय-ब्रेकर. मॅजिकमध्ये त्यातला पहिला म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के मॅच जिंकल्या, आणि कुणाचाही आकडा ३३ टक्क्यांच्या खाली धरत नाहीत. हे सकाळच्या घोषणेत सांगितलं तर निम्मी नाराजी कमी होते. उरलेल्या निम्मीसाठी शेवटच्या राऊंडची पेअरिंग काढण्याआधी टक्केवारीसकट स्टँडिंग (क्रमवारीचा तक्ता) लावावं आणि पाच मिनिटं थांबावं. चुकून उलटा भरलेला एखादा निकाल तेव्हाच सापडतो, कारण त्या वेळी प्रत्येक जण आपले गुण स्वतः मोजत असतो, आणि पेअरिंग निघण्याआधी तो दुरुस्त करणं स्कोअरकीपरला एका मिनिटाचं काम आहे.