आमची वाटचाल : दोन कॅनू आणि एक वही

सुरुवातीला आमच्याकडे दोन जुन्या कॅनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या होड्या होत्या, पाच वल्ही होती आणि धाकट्या भावाचा उत्साह. बोट भाड्याने द्यायची, ठरल्या दिवशी परत घ्यायची, एवढाच धंदा. मुक्कामाचं सामान ज्याचं त्याने आणावं. तो आपला विषयच नाही, असं मला मनापासून वाटायचं.

पहिल्याच मोसमात चौघांचा एक गट दोन रात्रींसाठी गेला आणि दुसऱ्याच दुपारी परतला. बोट उलटली नव्हती की वादळ आलं नव्हतं. वल्ह्यांवरून ओघळलेलं आणि चढता-उतरताना बुटांबरोबर आत आलेलं पाणी तळाशी साचलं होतं. स्लीपिंग बॅगा दिवसभर त्यात बसून होत्या. त्या कचऱ्याच्या पिशवीत घालून तोंडाला गाठ मारा, हा सल्ला माझाच होता. त्या चौघांनी मला एक शब्द ऐकवला नाही, तेच जास्त लागलं.

मग तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगा आणल्या. त्यातली हवा दाबून काढायची, तोंडाला किमान तीन घड्या घालायच्या आणि मगच बकल लावायचं. दोन घड्यांत बकल लागतं, म्हणून लोक दोनच घालतात! आम्ही आता काठावरच बॅग दाबून पाहतो. फुस्स आवाज आला की उघडा आणि पुन्हा गुंडाळा. एवढं करूनही स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड आतल्या दुसऱ्या पिशवीत जातो. ड्राय बॅग शिंतोडे आणि घटकाभराचं बुडणं सोसते, पण ती काही पाणबुडी नव्हे.

त्याच सुमारास भावाने एक वही घातली. परत आलेल्या प्रत्येक गटाला तीन प्रश्न : काय वापरलं नाही, काय कमी पडलं, काय भिजलं? ‘वापरलं नाही’च्या रकान्यात घडीच्या खुर्च्या, तिसरं पातेलं, मोठी कुऱ्हाड आणि जीन्स. जीन्स तर पुन्हा पुन्हा. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. कमी पडायचे मोजे, दोर आणि हेडटॉर्चचे सेल. भिजायचा नकाशा. आमची सामानाची यादी या वहीतून तयार झाली आणि दरवर्षी थोडी आखूडच होत गेली.

बोट भरायला शिकलो ते मात्र चुकांमधूनच. कॅनू तरंगत असतानाच भरायची. काठावर टेकलेली भरली तर तळ घासतो आणि तोल कळत नाही. जड ते खाली आणि मध्यभागी. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, त्याला टोकाला जागा नाही. पुढचं टोक किंचित हलकं चालेल, जड नको, नाहीतर बोट वळायला कुरकुरते. सगळे बसल्यावर पाण्यापासून बोटीच्या वरच्या कडेपर्यंत साधारण १५ सेंटीमीटर तरी उरायला हवेत. नाही उरले तर आधी खुर्च्या उतरतात. जिथे बोट डोक्यावर घेऊन चालायचं असतं, तिथे गाठोड्यांची संख्या महत्त्वाची. हातात सुटा लोंबणारा मग, चप्पल, कंदील हीच खरी डोकेदुखी.

सामान बोटीला बांधावं की नाही, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. भाऊ म्हणतो, बांधलेल्या बॅगा बोटीत शिरणाऱ्या पाण्याची जागा अडवतात. मी म्हणतो, उलटलेली बोट सरळ करताना तेच ओझं नडतं आणि लांब दोरात पाय अडकतो. आखूड दोर, लांबडं टोक मोकळं सोडायचं नाही, एवढ्यावर दोघं थांबतो.

एक मोठा फटका थंडीत बसला. पाण्याचे फिल्टर शेडमध्येच राहिले आणि आतलं पाणी गोठलं. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की बाहेरून धड दिसतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सगळी खेप फेकली. असे फिल्टर जीवाणू आणि जिआर्डियासारखे पोट बिघडवणारे परजीवी अडवतात, विषाणू निसटू शकतात. म्हणून संशयाच्या पाण्याला आम्ही उकळीच सांगतो : खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन.

काही गोष्टींवर घासाघीस नाही. लाइफ जॅकेट अंगात, आसनाखाली नाही. त्याला शिट्टी बांधलेली. राखीव वल्हं हाताशी, पाणी उपसायचं भांडं बोटीला बांधलेलं, थ्रो बॅग, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी, वरच. आठ जणांच्या एका गटाला जॅकेट ‘जवळ ठेवायची’ होती. त्यांना परत पाठवलं, दिवसाचा गल्ला गेला. त्या रात्री भाऊ माझ्याशी फारसं बोलला नाही.

आज बोटी वाढल्यात, पण जास्त जागा सामानाच्या खोलीने व्यापली आहे. यंदा कामाला आलेल्या पोराने सगळी वही वाचून काढली आणि म्हणाला, ‘‘शिट्टी आणि थ्रो बॅग दरवेळी न वापरलेल्यात आहेत. यादीतून काढू का?’’ भावाने काही न बोलता लाइफ जॅकेटांचा ढीग त्याच्यापुढे ठेवला आणि एकेका शिट्टीची गाठ ओढून बघायला लावली.