वेलांटी, रफार आणि दहावीचा वाढीव वेळ

मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. विद्युत परिपथाची जोडणी तो तोंडी अचूक समजावून सांगत असे, पण तोच धडा मोठ्याने वाचायला उभा राहिला की दुसऱ्या ओळीतच अडखळत असे. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता आणि आकलन तर उत्तम होते. पुढे तपासणीत डिस्लेक्सियाचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणाऱ्या अध्ययन अक्षमतेचे, निदान झाले.

मराठी जशी बोलतो तशीच लिहिली जाते, म्हणून मराठीत हा त्रास फारसा होत नसावा, असा समज शिक्षकांमध्येही आढळतो. मला तो मुळीच पटत नाही. ‘स्थिती’ या शब्दातली पहिली वेलांटी कागदावर सर्वांत आधी येते, पण तिचा उच्चार स् आणि थ् यांच्या नंतर होतो. ‘पूर्ण’मधला र आपण ण च्या आधी म्हणतो आणि त्याची खूण मात्र ण च्या डोक्यावर देतो. त्यात घ आणि ध, भ आणि म ही दिसायला जवळची अक्षरे. अंकांचेही तसेच आहे: ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली. अशी मुले शिकवणाऱ्या कोणालाही त्यामागची अडचण ठाऊक असते.

विशेष शिक्षिकेच्या मार्गदर्शनाने आम्ही त्या मुलाबरोबर जोडाक्षरांवर नेमाने काम केले. शब्द आधी ऐकायचा, त्यातले ध्वनी सुटे करायचे, मग तो लिहायचा आणि शेवटी वाचायचा, हा क्रम मोडायचा नाही. त्याची मोठी बहीण धडे वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करून देई, आणि तो ते पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवून ऐकत असे. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी विज्ञानाचे गुण कापायचे नाहीत, हे मी वर्गात उघडपणे सांगितले होते आणि आजही तेच योग्य मानते, कारण विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत मला विज्ञान तपासायचे असते.

महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती मिळत आल्या आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. तासाला २० मिनिटे वाढीव वेळ आणि लेखनिक या दोन सवलती त्याला सर्वाधिक उपयोगी पडल्या. मात्र लेखनिक मिळाला म्हणजे पेपर सुटला, असे होत नाही. उत्तर मनात पूर्ण रचून, समोरच्याला लिहिता येईल अशा गतीने सांगणे, समीकरणातला प्रत्येक कंस आणि घातांक बोलून दाखवणे, लिहिलेले पुन्हा ऐकून दुरुस्ती सुचवणे, हे सारे वेगळे कौशल्य आहे आणि त्याचा सराव करावा लागतो. आमच्या शाळेत नववीपासून प्रत्येक चाचणी त्याने अशीच दिली, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत त्याला काहीच नवखे वाटले नाही. या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी दहावीच्या ऐन परीक्षेच्या तोंडावर धावपळ करणाऱ्या पालकांना म्हणूनच मी कळकळीने सांगते, की तपासणी निदान आठवीत तरी करून घ्या. मुंबईत शीवसारख्या पालिका रुग्णालयात ती सोय आहे. दूरच्या तालुक्यातल्या पालकांना त्यासाठी मजुरी बुडवून शहर गाठावे लागते, आणि ही उणीव शासनाने लवकर भरून काढायला हवी.

तो दहावी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला. सध्या तो विद्युत अभियांत्रिकीची पदविका करत आहे, आणि तिथल्या परीक्षेतील वाढीव वेळेचा अर्ज त्याने स्वतः जाऊन दिला.