गोधडी प्लेअर, नोंद ७: घड्याळ म्हणतं पंचवीस, बाई म्हणते तेवीस

गोधडी प्लेअर म्हणजे ऑडिओ फाइल पूर्ण उतरायच्या आधीच ती वाजवणारा माझा प्लेअर; उतरलेले तुकडे ठिगळांसारखे शिवत जातो, म्हणून गोधडी. त्यात सीक म्हणजे थेट हव्या त्या वेळेवर उडी मारणं. मागच्या नोंदीच्या शेवटी मी छाती ठोकून लिहिलं होतं, ‘सीकचं काम झालं, आता फक्त रंगरंगोटी.’ ते वाक्य मागे घेते. गेले अकरा दिवस एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय. फाइल उतरत असताना २५:०० वर सीक केलं की आवाज येतो २३:२० चा. तीच फाइल पूर्ण उतरल्यावर तिथेच सीक केलं की बरोबर २५:०० चा. घड्याळ मात्र दोन्ही वेळा शांतपणे २५:०० दाखवतं.

हे कळलं ते बोलत्या फाइलमुळे. गाण्यांवर चाचणी करणं मी सोडलंय, कारण वीस सेकंदांची चूक गाण्यात कळतच नाही. त्याऐवजी तीन तासांची एक व्हीबीआर (म्हणजे सेकंदाला लागणारे बाइट आवाजानुसार कमी-जास्त होणारी) एमपीथ्री बनवली. त्यात यांत्रिक आवाजातली एक बाई दर दहा सेकंदांनी वेळ सांगते. पहिला तास तिच्या बोलण्यामधे निव्वळ शांतता आहे, पुढचे दोन तास मागे भरगच्च आवाज. त्यामुळे पहिला तास सेकंदाला ४० हजार बिट, म्हणजे ४० केबीपीएसच्या आसपास रेंगाळतो आणि पुढचे दोन १५० च्या घरात जातात. एकूण साधारण १५० एमबी. फाइल मुद्दाम वाकडी केली आहे. बाइट आणि वेळ यांचं प्रमाण सरळ धरलं तर १:१०:०० मागितल्यावर ही बाई ‘एक तास सदतीस मिनिटं’ म्हणते. ज्यांना असा प्लेअर लिहायचाय त्यांनी आधी अशी फाइल बनवा, मग कोडला हात लावा.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर, आणि तो खराही निघाला. नोंद ५ मधला ‘संपलं’ आणि ‘अजून आलं नाही’ हा गोंधळ आठवत असेल: रीड कॉलबॅकने (बाइट पुरवणाऱ्या माझ्या फंक्शनने) शून्य दिलं की डिकोडर (बाइटांचा आवाज बनवणारं कोड) फाइल संपली असं समजून गाशा गुंडाळतो. त्याचंच भावंड इथे लपलं होतं. ‘फाइल केवढी आहे?’ या प्रश्नाला माझं कोड सर्व्हरने सांगितलेली लांबी न देता आतापर्यंत उतरलेली लांबी देत होतं. म्हणजे हिशेब ज्या एकूण आकड्यावर व्हायचा तोच दर सेकंदाला वाढत होता. दोन ओळी बदलल्या, सीक केलं. आधी बाई वाट्टेल तिथे जायची, आता निदान एकाच ठिकाणी चुकायला लागली. संध्याकाळ सार्थकी लागली असं वाटलं. पण चूक होतीच: २३:३० मागा, २४:१५ मागा, २५:०० मागा, बाईचं एकच, ‘तेवीस मिनिटं वीस सेकंद.’

मधले दोन दिवस एका भलत्याच वाटेने गेले, तेही सांगून टाकते. चाचणीसाठी मी एका भाषेसोबत फुकट येणारा चिमुकला सर्व्हर चालवत होते. तो रेंज रिक्वेस्टकडे, म्हणजे ‘फाइलचा एवढाच तुकडा दे’ या मागणीकडे, ढुंकूनही बघत नाही. तुम्ही ७० लाखाव्या बाइटपासून मागा, तो २०६ (‘हा तुकडा घे’) ऐवजी २०० (‘ही सगळी फाइल घे’) देऊन फाइल पहिल्यापासून पाठवतो. माझं कोड ते निमूटपणे गोधडीत ७० लाखाव्या जागी शिवत होतं. परिणामी २५ मिनिटांवर सीक केलं की बाई म्हणे, ‘शून्य मिनिटं शून्य सेकंद.’ आता उत्तराचा कोड २०६ आहे का आणि कंटेंट-रेंजमधली (कोणते बाइट पाठवले ते सांगणाऱ्या ओळीतली) सुरुवात मी मागितलेलीच आहे का, हे दोन्ही तपासल्याशिवाय एक बाइटही शिवला जात नाही. सोबत इफ-रेंजमध्ये ईटॅगही (फाइलच्या आवृत्तीची सर्व्हरने दिलेली खूण) पाठवते, म्हणजे मधेच सर्व्हरवरची फाइल बदलली तर जुन्या कापडाला नवं ठिगळ लागणार नाही. आणि मंद वेगाची चाचणी करायला स्वतःचा पन्नास ओळींचा सर्व्हर लिहिला. तो हवा तेव्हा अडखळतो, हवा तेव्हा कनेक्शन तोडतो. ही गोष्ट मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

आता मूळ दुखणं. एमपीथ्री फाइल म्हणजे फ्रेम नावाच्या छोट्या तुकड्यांची रांग. व्हीबीआर फाइलच्या पहिल्या फ्रेममध्ये बहुधा झिंग हेडर (फाइलची माहिती देणारा भाग) असतो. त्यात एकूण फ्रेम, एकूण बाइट आणि शंभर नोंदींची एक तक्ती. दर एक टक्का वेळेला फाइलचा किती भाग उलटला, ते त्या तक्तीत लिहिलेलं असतं. पण प्रत्येक नोंदीला मिळतो फक्त एक बाइट, म्हणजे ० ते २५५. चार मिनिटांच्या गाण्याला हे उत्तम. तीन तासांच्या फाइलला हिशेब करून बघा. एका टक्क्यात १०८ सेकंद. फाइलचा २५६ वा भाग म्हणजे सुमारे ५,८६,००० बाइट. शांत भागात एवढ्या बाइटांत जवळजवळ दोन मिनिटांचा आवाज मावतो. म्हणजे तक्तीचा एक टप्पा वेळेच्या एका टप्प्यापेक्षाही मोठा! साहजिकच पहिल्या तासात लागोपाठच्या दोन नोंदी सारख्याच निघणाऱ्या दोन-तीन जोड्या सापडल्या. १३ वी आणि १४ वी ही त्यातली एक. १३ टक्के म्हणजे २३:२४ आणि १४ टक्के म्हणजे २५:१२, या दोहोंमधलं काहीही मागा, बाइट तोच. शिवाय एन्कोडर (फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) अपूर्णांक खाली कापतो, त्यामुळे चूक नेहमी मागच्याच बाजूला. बाई खोटं बोलत नव्हती. तक्तीच तेवढी जाडीभरडी आहे.

पूर्ण फाइलवर सगळं बरोबर का, तर तेव्हा मी तक्तीकडे बघतच नाही. सगळ्या फ्रेमचे हेडर मोजत जाऊन नकाशा बनवते. एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म नमुने), ४४.१ किलोहर्ट्झला २६.१२ मिलिसेकंद. तीन तासांच्या चार लाख तेरा हजारांवर फ्रेम होतात आणि त्या मोजायला डोळ्याचं पातं लवण्याइतका वेळ लागतो.

तर खरा पेच उडी चुकण्याचा नाहीच. उडी थोडी चुकली तर चुकू दे. पेच हा की उडी मारून जिथे पडलो ती जागा कोणती, हे एमपीथ्रीची फ्रेम सांगत नाही. ऑग या फॉरमॅटच्या प्रत्येक पानावर (तुकड्यावर) ग्रॅन्युल पोझिशन, म्हणजे तिथवरची मोजणी, असते. फ्लॅकच्या प्रत्येक फ्रेमच्या हेडरमध्ये फ्रेमचा किंवा सॅम्पलचा क्रमांक असतो. तिथे पडलात तरी पाटी वाचून कळतं कुठे आलो, आणि दोन-चार अर्धछेद (मधोमध उडी मारून निम्मा भाग बाद करणं) घेतले की नेमकी जागा हाती लागते. एमपीथ्रीच्या चार बाइटच्या हेडरमध्ये बिटरेट आहे, सॅम्पल रेट आहे, कॉपीराइटचासुद्धा बिट आहे, पण वेळ नाही. सीबीआर (सगळीकडे एकच बिटरेट) असेल तर भागाकाराने निघते. व्हीबीआरमध्ये सुरुवातीपासून मोजत यावं लागतं, आणि मधलं कापड तर अजून उतरलेलंच नाही.

माझी पहिली योजना अशी होती: अंदाजाने पडायचं, वाजवायला लागायचं, मागचं भोक दुसऱ्या कनेक्शनने भरून घ्यायचं, फ्रेम मोजायच्या, आणि खरी जागा कळली की आवाज योग्य ठिकाणी सरकवायचा. केलं. अत्यंत वाईट लागतं. ऐकणारा वाक्यात रमलेला असतो आणि वाक्य मधेच दीड मिनिट पुढे पळतं. तासाभरात ते कोड काढून टाकलं. आता आवाजाला हात लावत नाही, फक्त घड्याळ दुरुस्त होतं. खरी जागा कळेपर्यंत आकड्याआधी ‘~’ दिसतो, कळली की तो जातो आणि आकडा जागेवर येतो. वापरणाऱ्याला थोडं विचित्र वाटेल, पण निदान घड्याळ माहीत नसलेली गोष्ट ठामपणे सांगत नाही.

यासाठी गोधडीची रचना थोडी बदलली. आधी प्रत्येक ठिगळाला फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा बाइट होता. आता प्रत्येक ठिगळ स्वतःपुरती फ्रेमची मोजणीही ठेवतं: ‘माझ्यात इतक्या फ्रेम आहेत, पहिली अमुक बाइटवर आहे, पण माझा खरा क्रमांक मला माहीत नाही.’ दोन ठिगळं जुळली की डावीकडच्याची मोजणी उजवीकडच्यात मिसळते. सुरुवातीला जोडलेलं ठिगळ तेवढं खऱ्या क्रमांकाचं, आणि त्याला जो जो चिकटेल तो तो खरा होत जातो. यातून एक फायदा आपोआप मिळाला. डावीकडून चालत आलेली फ्रेमची साखळी उजव्या ठिगळाच्या पहिल्या फ्रेमवर नेमकी टेकली पाहिजे. टेकली नाही तर उजवीकडे आपण खोट्या सिंकवर, म्हणजे फ्रेमची सुरुवात नसून तशी दिसणाऱ्या बिटांवर, उभे होतो. पहिल्यांदा ती साखळी बाइटाला बाइट जुळली तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले.

खोट्या सिंकवरून आठवलं. आयडीथ्री टॅगमधलं (फाइलला जोडलेल्या नाव-गायक वगैरे माहितीतलं) मुखपृष्ठाचं चित्र जेपेग असेल तर त्याची सुरुवात एफएफ डी८, एफएफ ई० अशी होऊ शकते. एफएफ ई० मध्ये सिंकचे अकराच्या अकरा बिट हजर! फक्त सिंक शोधणारं कोड तिथेच फसतं. लेयरचे बिट बघितले तर ते ०० म्हणजे राखीव, तिथे सुटका होते. मी आता टॅगची लांबी वाचून टॅग ओलांडते, आणि मधे कुठेही पडले तर लागोपाठ तीन हेडर आवृत्ती, लेयर आणि सॅम्पल रेट यांबाबत एकमताचे असल्याशिवाय पुढे जात नाही. तक्तीतले बाइटही टॅगनंतरच्या झिंग फ्रेमपासून मोजायचे असतात, फाइलच्या सुरुवातीपासून नाही. मोठं चित्र असलेल्या फाइलमध्ये एवढ्यानेही उडी बरीच हुकते.

बिट रिझर्व्हॉयरचं थोडक्यात. फ्रेम आपला डेटा मागच्या फ्रेमच्या उरलेल्या जागेत ठेवू शकते, जास्तीत जास्त ५११ बाइट मागे. ३२ केबीपीएसची फ्रेम असते १०४ बाइटची, म्हणजे शांत भागात सहा-सात फ्रेमपर्यंत मागे हात जाऊ शकतो. म्हणून रेंज १६ केबी आधीपासून मागते, दहा फ्रेम आधीपासून डिकोड करते आणि तो आवाज फेकून देते. उडीनंतरचा ‘चर्र’ गेला. एक बारीक खोच: साठा अपुरा असताना माझा डिकोडर शून्य सॅम्पल परत करतो, त्यामुळे घड्याळ मिळालेल्या सॅम्पलवर चालवू नका, फ्रेमवर चालवा.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली आणि नोंद अर्धवट टाकून तीन तास गायब झाले. मोजणी फक्त डावीकडूनच का? झिंग हेडरमध्ये एकूण फ्रेमचा आकडा आहे! उडीच्या जागेपासून शेवटपर्यंतचं कापड उतरलं की त्यातल्या फ्रेम मोजायच्या आणि एकूणातून वजा करायच्या. कुणी २:५०:०० वर सीक केलं तर मागचे १४० एमबी भरत बसण्यापेक्षा पुढचे दहा-बारा एमबी लवकर येतात, आणि ते तर वाजवण्यासाठी तसेही उतरतच असतात. शेवटच्या १२८ बाइटांत जुना आयडीथ्री टॅग बसलेला असू शकतो, तो वगळायचा. काही एन्कोडर माहितीची (झिंग हेडरची) फ्रेम मोजतात, काही नाही, पण एका फ्रेमने काही बिघडत नाही. बोलत्या फाइलवर चाललं: सीक केल्यावर ‘~’ होता, शेवटचं ठिगळ पूर्ण झालं, ‘~’ गेला, आकडा २:४९:४१ झाला आणि बाई म्हणाली, ‘दोन तास एकोणपन्नास मिनिटं पन्नास सेकंद’, नेमकं नऊ सेकंदांनी. भोक भरणारं दुसरं कनेक्शन त्यामुळे आता सरसकट सुरू होत नाही. जी बाजू लहान असेल तिकडूनच मोजणी.

याच ओघात खुणाही बदलल्या. ‘इथून पुढे ऐकेन’ अशी खूण आता वेळेसोबत बाइटही साठवते. पुन्हा उघडल्यावर ईटॅग जुळला की थेट त्या बाइटवर, तक्तीची गरजच नाही.

बाकीच्या फॉरमॅटचं: ऑग ओपसची लांबी काढायला मी शेवटचे ६४ केबी वेगळ्या रेंजने मागवते. पान जास्तीत जास्त ६५,३०७ बाइटचं असतं, ते तेवढ्यात नाही सापडलं तर आणखी मागे. उडीनंतर ८० मिलिसेकंद आधीपासून डिकोड करायचं, बस. एम४ए मध्ये मूव्ह अ‍ॅटम (फाइलची अनुक्रमणिका) शेवटी असेल तर तीच युक्ती. ज्या फाइली तुम्ही स्वतः बनवता त्यांत तो आधीच पुढे आणून ठेवा. आणि पडताळणीसाठी एफएफप्रोबला (एफएफएमपेगसोबतचं फाइल तपासायचं साधन) पर्याय नाही. प्रत्येक पॅकेटची वेळ आणि बाइटची जागा छापून देतो, माझी मोजणी त्याच्याशी ताडून बघते. डिकोडिंगसाठी मात्र एफएफएमपेग मला या प्रकल्पात नको. मिनीएमपीथ्री एका फाइलीत मावतं आणि एक फ्रेम द्या, एक फ्रेम घ्या इतकंच त्याचं काम. अर्धवट फाइलीला असाच डिकोडर बरा, जो स्वतः फाइल उघडून बसत नाही.

काल रात्रीची शेवटची चाचणी. बोलत्या फाइलमधून एक मिनिट नुसतं कापून काढलं, हेडर तसाच ठेवला. शेवटाकडून मोजलं, नंतर भोक भरल्यावर सुरुवातीकडूनही मोजलं. दोन उत्तरांत २,२९७ फ्रेमचा फरक, म्हणजे बरोबर ते मिनिट. हेडर खोटा आहे हे प्लेअरला पहिल्यांदाच स्वतःहून कळलं. सध्या अशा वेळी डावीकडची मोजणी खरी धरते आणि हेडरवर लाल खूण करते. पण भोक भरलंच नाही, तर ‘~’ काढून टाकलेला तो आकडा एका मिनिटाने चुकीचा राहणार. त्यामुळे शेवटाकडून आलेल्या उत्तराला वेगळं चिन्ह द्यावं का, यावर अजून स्वतःशीच भांडतेय.