वारा २८ नॉट, होडीत मी एकटा

मागून येणारा वारा फसवा. होडी पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांनी, त्याच्याच दिशेने पळत असते, त्यामुळे २५ नॉटचा वारा पाठीला वीसचाच लागतो. वळून त्याच्या तोंडावर गेलात की तोच तिसाच्या घरात जातो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोनपट मार. म्हणून त्या दुपारी मी पाठीला काय लागतंय त्यापेक्षा पाण्याकडे जास्त बघत होतो. आधी लाटांचे माथे अधूनमधून फुटत होते. मग सगळीकडे पांढरं झालं, आणि पुढे तो फेस वाऱ्याच्या दिशेने रेघारेघांनी ओढला जायला लागला. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्ट मापात ही सातची खूण, २८ ते ३३ नॉट. सात मीटरच्या होडीने अशा वाऱ्यात पूर्ण शीड मिरवायचं नसतं.

शीड लहान करायचं, म्हणजे रीफ घ्यायचा. दोघं असले की सोपं असतं, एक सुकाणूवर, दुसरा डोलकाठीपाशी. एकट्याने सुकाणू सोडलं की होडी मनाला येईल तशी वळते, आणि शिडाच्या फडफडाटात भलताच दोर हातात येतो. तेव्हा एकट्याचं पहिलं काम शिडाचं नाहीच. होडी स्वतःला सांभाळेल अशी तिला आधी थोपवायची, हीव्ह-टू करायची. मग दोन्ही हात मोकळे.

त्याच्याही आधी पट्टा. लाइफजॅकेटवरच्या हार्नेसचा पट्टा डेकवरच्या दोराला अडकवला, आखूड कडीने. लांब पट्ट्याला माझा विरोध आहे. पाण्यात पडून होडीमागे ओढला जाणारा एकटा माणूस क्वचितच स्वतःहून वर चढतो. पट्टा असा हवा की पडायलाच जागा राहू नये.

वाऱ्याआडच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो तिकडे, काही मैल मोकळं पाणी आहे ना, तेही पाहिलं, कारण थोपवलेली होडी थांबत नाही, तासाला मैल-दोन मैल वाहत राहते. किनारा जवळ असता तर हा बेत रद्द.

मुख्य शीड आत ओढत हळूहळू वाऱ्याकडे वळलो. होडी आडवी झाली, वाऱ्याआडची कड पाण्याखाली गेली. दोन मोठ्या लाटांमधला सपाट तुकडा येईपर्यंत थांबलो आणि सुकाणूचा दांडा ढकलला. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून पलीकडे गेली, पण जिबचा, पुढच्या लहान शिडाचा, दोर मी सोडला नाही. जिब उलट्या बाजूने फुगलं. ते नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं, आणि वाऱ्याआड ढकलून बांधलेला दांडा तिला परत वाऱ्याकडे वळवतो. या ओढाताणीत होडी वाऱ्याशी तिरकी होऊन निवांत पडते. वारा उजवीकडून येईल अशीच बाजू निवडली होती. दुसरी शिडाची होडी आली आणि तिला वारा डावीकडून असला, तर वाट तिने द्यायची.

आवाज एकदम अर्ध्यावर आला. वारा तेवढाच होता, आमचं त्याच्याशी भांडण तेवढं संपलं.

मग रीफ. मुख्य शिडाचा दोर सैल, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) खाली ओढून धरणारा दोरही सैल. डोलकाठीपाशी गुडघ्यावर बसून हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, हातभर सोडला, शिडाच्या पुढच्या कडेची कडी हुकात अडकवली आणि हॅलयार्ड पुन्हा कडक ताणला. नंतर मागच्या कोपऱ्याचा रीफ दोर, शीड बूमला चिकटेपर्यंत. हा क्रम उलटा केला तर शिडाला भलतीकडे ताण बसतो. खाली लोंबणारं कापड बारीक दोऱ्यांनी सैलसर बांधलं. भार त्यांच्यावर द्यायचा नाही, कापड तिथेच फाटतं. पहिल्या रीफवर न थांबता थेट दुसरा घेतला. कमी शिडाने फार तर उशीर होतो.

जिबही अर्धं गुंडाळलं, दांडा सोडला, आणि परतीची दिशा धरली. वारा पुन्हा मागून, पण अगदी पाठीवर न घेता थोडा बाजूने. वळणाच्या जागी शीड मागून पलीकडे फेकायचा मोह टाळला. या वाऱ्यात बूम डोक्यावरून सुसाट जाते आणि डोलकाठीही मोडू शकते. वाऱ्याच्या तोंडावरून लांबचा वळसा घेतला. दिसायला भित्रेपणा, पण बघायला तिथे होतं कोण?

बंदराच्या तोंडाशी लाटा उभ्या होत्या. मागे टांगलेलं इंजिन आधीच चालू करून ठेवलं, तरी शीड उतरवलं नाही, कारण अशा लाटांत त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच ओरडतो. बंधाऱ्याच्या आड गेल्यावर नाळ वाऱ्याकडे केली, हॅलयार्ड सोडला आणि शीड ढीग पडलं तसंच बूमला आवळलं. धक्क्याला दोर लागल्यावर आधी तळातलं पाणी उपसायला घेतलं. शिडाची घडी दुसऱ्या दिवशी घातली.