कधीच न झालेली मिठी

आज परत तेच, दहा मिनिटं म्हणून बसले आणि संध्याकाळ गेली. एक ट्रिव्हिया वाचायची, मग त्यातलं चित्र शोधायचं, मग ते झूम करून बघायचं, आणि मग हात शिवशिवतात म्हणून पेन्सिल.

आजचं खाद्य म्हणजे जहांगीरच्या दरबारातला चित्रकार अबुल हसन याचं १६१८च्या आसपासचं चित्र, जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास एकमेकांना मिठी मारताना. गंमत अशी की हे दोघं आयुष्यात कधी भेटलेच नाहीत!! जहांगीरला म्हणे तसं स्वप्न पडलं आणि त्याने त्याचं चित्र काढायला लावलं. दोघं पृथ्वीच्या गोलावर उभे, जहांगीरच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली मेंढी, आणि तो सिंह असा काही पसरलाय की मेंढी बिचारी पार कडेला. जहांगीर धष्टपुष्ट, अब्बास किडकिडीत आणि जरा वाकलेला. अरे हे फॅन आर्टच आहे ना! आपला हिरो मोठा, दुसरा साइड कॅरेक्टर, आणि न घडलेला सीन. फरक एवढाच की इथे हिरोनेच ऑर्डर दिलीय. (१६२२ मध्ये याच अब्बासने जहांगीरकडून कंदहार घेतलं, ते मात्र स्वप्नात आलं नसावं.)

लोक म्हणतात फॅन ड्रॉइंग म्हणजे टाइमपास, खरी कला नाही. मला नाही पटत. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५१५ मध्ये गेंडा काढला तो न बघता, कोणाच्या तरी स्केचवरून आणि वर्णनावरून, अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि खांद्यापाशी एक एक्स्ट्रा शिंग, आणि पुढे कितीतरी वर्षं युरोपात गेंडा म्हणजे हाच. याच्या उलट आपला उस्ताद मन्सूर, तोही जहांगीरचाच चित्रकार, १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं पट्टे रंगवलेत की काय, नीट तपासून बघितलं, आणि मन्सूरने तो एकदम जसाच्या तसा काढला. मला दोन्ही आवडतात पण खरं सांगू, ड्यूररचा जास्त. चुकीचा आहे म्हणूनच.

तर सध्या माझ्या वहीत मन्सूरचा झेब्रा आणि ड्यूररचा गेंडा गळाभेट घेतायत, पायाखाली पृथ्वीचा गोल वगैरे सगळं. गेंडा जहांगीर झालाय आणि झेब्रा अब्बास, म्हणजे आता झेब्र्याला त्या लांबच लांब लोंबत्या मिशा द्यायच्यात, आणि त्या पट्ट्यांमध्ये दिसतच नाहीयेत यार.